एकच नाव, दोन पुस्तके : इंदूरच्या मराठी विद्यार्थ्यांसाठी साहित्यातील संज्ञांची ओळख

इंदूरच्या मराठी घरातील मुलाकडे भाषेची बहुधा दोन पुस्तके असतात. शाळेत हिंदीच्या तासाला तो अलंकार, रस आणि छंद शिकतो, आणि संध्याकाळी आजी-आजोबांजवळ किंवा एखाद्या मराठी वर्गात तीच नावे मराठी कवितेच्या संदर्भात पुन्हा ऐकतो. ही नावे संस्कृतातून आलेली असल्यामुळे दोन्हीकडे सारखीच दिसतात आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो, कारण काही संज्ञांचा अर्थ दोन्ही भाषांत तोच राहिला आहे, काहींचा थोडा सरकला आहे, आणि काही ठिकाणी एकाच गोष्टीला दोन भाषांनी अगदी निराळी नावे दिली आहेत. मी गेली काही वर्षे शेजारच्या मुलांना घरी मराठी शिकवते, आणि पुढे लिहिलेले बहुतेक सारे त्यांच्या वह्यांतील चुका तपासताना सुचलेले आहे.

दोन भाषांमध्ये वाढणे या शहराला नवे नाही. १९१७ साली येथे मराठी साहित्य संमेलन भरले आणि पुढच्याच वर्षी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन भरले. १९३५ साली तर ही दोन्ही संमेलने इंदुरातच झाली. होळकर महाविद्यालयात शिकलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे मोठे कवी झाले आणि त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे. म्हणून दोन पुस्तके असणे ही अडचण आहे असे मी मुलांना कधी सांगत नाही. फक्त दोन्ही पुस्तके शेजारी उघडी ठेवून वाचावीत आणि प्रत्येक संज्ञा ओळीला विचारायचा एक प्रश्न म्हणून शिकावी, एवढाच माझा आग्रह असतो. व्याख्या पाठ केली तर ती परीक्षेपर्यंत टिकते. प्रश्न विचारायची सवय लागली तर न वाचलेल्या कवितेपुढेही विद्यार्थी अडत नाही.

पहिला प्रश्न : शब्द बदलला तर काय होते?

कोणतीही ओळ समोर आली की आधी ती मोठ्याने वाचावी आणि तिच्यातील महत्त्वाच्या शब्दाच्या जागी त्याच अर्थाचा दुसरा शब्द घालून पाहावा. सौंदर्य नाहीसे झाले तर तो शब्दालंकार. शब्द बदलूनही सौंदर्य शाबूत राहिले तर तो अर्थालंकार. संस्कृत काव्यशास्त्रज्ञांनी वापरलेली ही कसोटी इतकी सोपी आहे की सहावीतील मूलही ती लगेच उचलते. ‘शिशिरात झाडाची आणि परीक्षेनंतर वहीची पाने सारखीच गळतात’ या वाक्यात ‘पाने’ काढून ‘पर्णे’ घातली की वही बाजूला पडते आणि वाक्यच मोडते. एका शब्दाने दोन अर्थ सांभाळले होते, म्हणून हा श्लेष, आणि श्लेष हा शब्दालंकार. याउलट ‘तिचा आवाज मधासारखा गोड आहे’ यातील ‘आवाज’ बदलून ‘स्वर’ केला तरी तुलना जशीच्या तशी उभी राहते.

अनुप्रासात एकच वर्ण पुन्हा पुन्हा येतो आणि त्यामुळे नाद निर्माण होतो. त्यात फारसे अवघड काही नाही. यमकापाशी मात्र थांबावे लागते. मराठीत चरणाच्या शेवटी किंवा ठरावीक जागी एक किंवा अनेक अक्षरे वेगळ्या अर्थाने पुन्हा आली की यमक होते, आणि रोजच्या बोलण्यात ‘यमक जुळवणे’ म्हणजे ओळींचे शेवट जुळवणे. ‘सराफ्यात दिवे लागले, इंदूर पुन्हा जागले’ या ओळीत मराठी मुलाला ‘लागले’ आणि ‘जागले’ यांचे यमक दिसते. हिंदीच्या पुस्तकात मात्र यमक ओळखण्यासाठी पूर्ण शब्दच पुन्हा यावा लागतो आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ निराळा असावा लागतो. ‘पान खाता खाता त्याने वहीचे पान उलटले’ असे काहीतरी तेथे अपेक्षित असते. ओळींचे शेवट जुळण्याला हिंदीत तुक म्हणतात, आणि अलंकाराच्या भाषेत अंत्यानुप्रास. त्यामुळे मराठीचे उत्तर हिंदीच्या वहीत लिहिणाऱ्या मुलाचे गुण जातात, आणि आपले नेमके काय चुकले हे त्याला कोणी सांगत नाही. हा फरक ज्याला एकदा समजला त्याला श्लेष आणि हिंदीतील यमक यांचा भेदही समजतो: श्लेषात शब्द एकदाच येतो आणि दोन अर्थ देतो, हिंदीतील यमकात शब्द दोनदा येतो आणि प्रत्येक वेळी एक अर्थ देतो.

सराफ्यातील रात्र : एकच कल्पना, अनेक अलंकार

भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार आहेत. पुढच्या शतकांत ही संख्या शंभराच्या वर गेली. शाळेत त्यांपैकी पंधरा-वीस येतात आणि मुले ती एकेक करून पाठ करतात, म्हणून त्यांच्यातील नाते त्यांना दिसत नाही. मी एकच कल्पना घेते आणि ती सगळ्या अलंकारांमधून फिरवते. दिवसा सोन्याचांदीची पेढी असलेला आणि दुकाने मिटल्यावर खाऊगल्ली होणारा सराफा बाजार इंदूरच्या प्रत्येक मुलाने पाहिलेला असतो. रात्री दहानंतरही तेथे एवढा उजेड असतो की रात्र झाल्याचे जाणवत नाही. एवढेच सांगायचे आहे.

‘सराफ्यातील रात्र दिवसासारखी उजळलेली असते.’ ही उपमा. ज्याच्याविषयी बोलायचे ती ‘सराफ्यातील रात्र’ म्हणजे उपमेय, ज्याच्याशी तुलना केली तो ‘दिवस’ म्हणजे उपमान, दोघांत सारखा असलेला ‘उजळलेले असणे’ हा गुण म्हणजे साधारण धर्म, आणि ‘सारखी’ हा साधर्म्यदर्शक शब्द. ही चार अंगे वेगळी काढता आली की पुढचे सारे अलंकार सोपे होतात, कारण त्यांच्यात बदलते ते उपमेय आणि उपमान यांच्यातील अंतर. उपमेत दोघे शेजारी उभे असतात पण वेगळे असतात. ‘सराफ्यातील रात्र म्हणजे जणू दुसरा दिवसच’ असे म्हटले की ते अंतर कल्पनेने जवळजवळ पुसले जाते, ही उत्प्रेक्षा. ‘सराफ्यातील रात्र हाच इंदूरचा दिवस’ असे म्हटले की दोघे एक झाले, हे रूपक. ‘ही रात्र नव्हेच, हा तर दिवस’ असे म्हणून उपमेयच नाकारले की अपन्हुती, जिचे हिंदीतील लेखन अपह्नुति असे असते.

येथून पुढे मुले गोंधळतात, म्हणून थोडे सावकाश. ‘ही रात्र म्हणावी की दिवस?’ असा संशय तसाच राहिला तर तो ससंदेह, ज्याला हिंदीत नुसते संदेह म्हणतात. ‘सराफ्याचा उजेड पाहून पहाट झाली असे समजून कोंबडा आरवला’ यात संशय उरलेला नाही, खरोखरच भ्रम झाला आहे आणि त्या भ्रमातून कृतीही घडली आहे, हा भ्रांतिमान. उत्प्रेक्षा, ससंदेह आणि भ्रांतिमान या तिघांत बोलणाऱ्याच्या किंवा पात्राच्या मनाची अवस्था तपासावी. उत्प्रेक्षेत सत्य माहीत असूनही मुद्दाम कल्पना केलेली असते, ससंदेहात मन दोन्हीकडे झुलत असते, आणि भ्रांतिमानात ते चुकलेले असते. ‘सराफ्यातील रात्र दिवसाहूनही लख्ख’ म्हटले की उपमेयाने उपमानावर मात केली, म्हणून व्यतिरेक. ‘सराफ्यासारखा सराफाच’ म्हटले की तुलनेला उपमानच सापडले नाही, म्हणून अनन्वय. ‘सराफ्याच्या उजेडात उज्जैनपर्यंतचा रस्ता दिसतो’ ही अतिशयोक्ती.

हे सारे फळ्यावर एकाखाली एक लिहून झाले की मी मुलांना दुसरे उपमेय देते, कधी राजवाड्यासमोरची गर्दी, कधी रंगपंचमीच्या गेरीतला गुलाल, कधी सकाळच्या पोह्यांवरची वाफ, आणि तोच प्रवास त्यांच्याकडून करवून घेते. स्वतः केलेले वाक्य सहसा विसरले जात नाही.

शब्दांच्या यादीवर विसंबू नये

मार्गदर्शक पुस्तकांत अलंकार ओळखण्यासाठी शब्दांची यादी दिलेली असते: सम, समान, सारखा, परी, जेवी, तेवी आले की उपमा, जणू, गमे, वाटे, भासे आले की उत्प्रेक्षा. यादी उपयोगी आहे आणि ती जरूर लक्षात ठेवावी. हिंदीतील ‘जनु’ हा आपल्या ‘जणू’चा सख्खा नातेवाईक आहे आणि तोही उत्प्रेक्षेचीच खूण आहे हे कळले की मुलांना आनंद होतो. पण यादी हा पुरावा नाही. ‘मला वाटते उद्या पाऊस पडेल’ यात ‘वाटते’ आहे आणि अलंकार नाही. ‘दादाच्या वहीसारखी वही मला हवी आहे’ यात ‘सारखी’ आहे, तरी ही उपमा नव्हे, कारण वहीची वहीशी केलेली ही साधी व्यवहारातील तुलना आहे आणि तिच्यात चमत्कृती नाही. उपमेय आणि उपमान वेगवेगळ्या जातीचे असावेत आणि त्यांना एकत्र आणण्यात कवीला काही नवे दिसलेले असावे. म्हणून यादीतील शब्द सापडला की तेथून तपास सुरू करावा, तेथे तो संपवू नये.

दृष्टांत आणि अर्थांतरन्यास या जोडीबद्दलही असेच. ‘लहान वयात भाषा सहज येते, ओल्या मातीला हवा तसा आकार देता येतो’ येथे एका गोष्टीला समांतर अशी दुसरी गोष्ट दाखला म्हणून ठेवली, तो दृष्टांत. ‘आजोबा साठीनंतर बंगाली शिकले आणि आता त्या भाषेत पत्रे लिहितात, इच्छा असली की मार्ग सापडतो’ येथे एका विशेष घटनेवरून सर्वसाधारण सिद्धांत मांडला, तो अर्थांतरन्यास. सामान्य आणि विशेष यांची बेरीज दिसली की अर्थांतरन्यास समजावा.

निर्जीवाला माणसासारखे वागवले, जसे ‘पहाटेचा राजवाडा डोळे चोळीत उठला’, तर मराठीत तिला चेतनगुणोक्ती म्हणतात आणि हिंदीत मानवीकरण. माझ्या मते हिंदीचा शब्द अधिक चटकन कळणारा आहे, पण मराठीच्या उत्तरपत्रिकेत चेतनगुणोक्तीच लिहावे.

नावे सारखी, अर्थ निराळे

या ठिकाणी वहीचे एक स्वतंत्र पान राखून ठेवावे. त्यावर पहिल्या रकान्यात मराठी संज्ञा, दुसऱ्यात हिंदी संज्ञा आणि तिसऱ्यात स्वतः केलेले वाक्य लिहावे. सुरुवात याच लेखातील ‘संज्ञा’ या शब्दाने करता येईल: मराठीत संज्ञा म्हणजे एखाद्या शास्त्रातील ठरावीक अर्थाचा शब्द, तर हिंदी व्याकरणात संज्ञा म्हणजे आपले ‘नाम’. शब्दांनी मनात उभ्या केलेल्या चित्राला मराठी समीक्षा प्रतिमा म्हणते आणि हिंदी समीक्षा बिंब म्हणते. हिंदीत ‘प्रतिमा’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मूर्ती येते. ‘प्रतीक’ मात्र दोन्हीकडे तेच. दारात टांगलेल्या कंदिलाचे वर्णन वाचून तो दिसू लागला तर ती प्रतिमा. कथा पुढे सरकते तसा तोच कंदील पुन्हा पुन्हा येऊन कोणाच्या तरी वाट पाहण्याचा अर्थ धारण करू लागला तर ते प्रतीक.

हिंदीतील उपन्यास म्हणजे आपली कादंबरी, आणि हा मराठी शब्द बाणभट्टाच्या संस्कृत गद्यकथेच्या नायिकेच्या नावावरून आलेला आहे. हिंदीतील मुहावरा म्हणजे वाक्प्रचार, आणि कहावत किंवा लोकोक्ति म्हणजे म्हण. वाक्प्रचार वाक्यात मिसळून जातो आणि क्रियापदासारखा चालवावा लागतो. म्हण स्वतःच एक पूर्ण विधान असते. हिंदीतील व्यंग्य हा लेखनप्रकार मराठीत उपरोध किंवा उपहास या नावांनी ओळखला जातो; मराठीत नुसते ‘व्यंग’ लिहिले तर त्याचा अर्थ दोष किंवा उणीव असा होतो. ‘य’ गाळल्याने अर्थ किती बदलतो हे मुलांना दाखवावे, कारण लगेच पुढे व्यंग्यार्थ येतो आणि तेथे तो ‘य’ लागतोच.

शब्दाच्या तीन शक्ती

अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या तीन शब्दशक्ती दोन्ही भाषांत एकाच अर्थाने शिकवल्या जातात. येथेही प्रश्न विचारूनच पुढे जावे. शब्दाचा कोशातील अर्थ वाक्यात नीट बसतो का? बसत असेल तर अभिधा, आणि तो अर्थ वाच्यार्थ. ‘राजवाडा सात मजली आहे’ येथे राजवाडा म्हणजे ती इमारतच. बसत नसेल, आणि त्याला जोडून असलेला दुसरा अर्थ घ्यावा लागत असेल, तर लक्षणा. ‘क्रिकेटचा सामना जिंकल्यावर राजवाडा रात्रभर नाचत होता’ येथे इमारत नाचू शकत नाही, म्हणून चौकात जमलेली माणसे असा लक्ष्यार्थ घ्यावा लागतो. एखादा चौकस विद्यार्थी येथे विचारतो की ही चेतनगुणोक्ती का नाही. प्रश्न रास्त आहे. कवीला इमारतीलाच माणूसपण द्यायचे असेल तर चेतनगुणोक्ती, आणि इमारतीच्या नावाने माणसांविषयी बोलायचे असेल तर लक्षणा. आजूबाजूची वाक्ये वाचल्याशिवाय हा निर्णय करू नये.

व्यंजनेत वाच्यार्थ अगदी नीट बसतो, तरीही त्याच्या पलीकडे आणखी एक अर्थ सुचतो. प्राचीन शास्त्रकार ‘सूर्य मावळला’ हे उदाहरण देत, कारण ते एकच वाक्य गुराख्याला, पूजा करणाऱ्याला आणि वाटसरूला निरनिराळे काही सुचवते. आपल्या घरातील उदाहरण घ्यावे. आई म्हणते, ‘पोहे गरम आहेत.’ अंथरुणात लोळणाऱ्या मुलासाठी त्याचा अर्थ ‘ऊठ’, बूट घालून निघालेल्या मुलीसाठी ‘खाऊन जा’, आणि रुसून बसलेल्या आजोबांसाठी ‘आता राग सोडा’. शब्द तेच, ऐकणारा बदलला की व्यंग्यार्थ बदलला. हा भाग शिकवताना मला नेहमी सर्वांत जास्त वेळ लागतो आणि तो लागू द्यावा, कारण कविता वाचता येणे म्हणजे बहुतांशी व्यंजना ऐकू येणे.

वृत्त मोजताना

हिंदीत सगळ्याच पद्यरचनेला छंद म्हणतात आणि त्यात वर्णिक व मात्रिक असे भेद करतात. मराठीत माधव ज्यूलियन यांच्या ‘छंदोरचना’ या ग्रंथापासून अक्षरगणांचे (लघु-गुरू अक्षरांच्या तीन-तीनच्या गटांचे) वृत्त, मात्रांची (उच्चाराला लागणाऱ्या वेळाच्या मापांची) जाती आणि अक्षरसंख्येचा छंद अशी विभागणी रूढ झाली आहे. म्हणून मराठीत ‘छंद’ हा शब्द वापरताना तो मर्यादित अर्थाने वापरावा.

वृत्त ओळखायचे तर प्रत्येक अक्षरावर लघु-गुरूची खूण करावी. ह्रस्व अक्षर लघु आणि दीर्घ अक्षर गुरू. अनुस्वार किंवा विसर्ग असलेले अक्षर गुरू. जोडाक्षराच्या आधीचे ह्रस्व अक्षर गुरू, पण त्यावर आघात येत असेल तरच. ‘पुस्तक’मधील ‘पु’ गुरू आहे, तर ‘तुझ्या’मधील ‘तु’ आणि ‘कुऱ्हाड’मधील ‘कु’ लघुच राहतात. हिंदीतील ‘तुम्हारा’ या शब्दातही ‘तु’ लघु मोजतात, हे मुलांना लगेच पटते. आता ‘नदीच्या किनारी उभा एक वाडा’ ही ओळ घ्यावी. तीन-तीन अक्षरांचे गट पाडले की ‘नदीच्या’, ‘किनारी’, ‘उभा ए’, ‘क वाडा’ असे चार गट मिळतात आणि प्रत्येक गट लघु-गुरू-गुरू असा आहे. गण लक्षात ठेवण्यासाठी पाठ करतात त्या ‘यमाताराजभानसलगं’ या सूत्रातील पहिली तीन अक्षरे ‘यमाता’ तशीच आहेत, म्हणून हा य गण, आणि चार य गणांचे वृत्त भुजंगप्रयात. बोलताना आपण ‘एक’मधील ‘क’ अर्धा उच्चारतो, पण वृत्तात तो पूर्ण अक्षर म्हणून मोजला जातो. वाचतानाही तो पूर्ण म्हणावा.

अभंगात गण पाहायचे नसतात, अक्षरे मोजायची असतात. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरे असतात, आणि यमक बहुधा दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत जुळते:

माळव्याची माती
काळी आणि ओली
तिने दिली बोली
आम्हालाही

दोह्यात तेरा आणि अकरा मात्रा मोजायची सवय झालेली मुले येथेही मात्रा मोजू लागतात. त्यांना एवढेच सांगावे की बोटावर अक्षर मोजा, त्याची लांबी विसरा.

रसाविषयी थोडेसेच सांगते, कारण त्याचे बारकावे वरच्या वर्गात येतात. भरताने आठ रस सांगितले आणि पुढे शांत हा नववा मानला गेला. हिंदीच्या पुस्तकांत वात्सल्य हा दहावा रसही अनेकदा असतो. मनात सुप्त असलेला स्थायीभाव आणि त्यातून आस्वादाला येणारा रस यांची नावे मिसळू नयेत: शोक हा भाव, करुण हा रस; क्रोध हा भाव, रौद्र हा रस. वीररसाचा स्थायीभाव क्रोध आहे असे अनेक मुले लिहितात. तो उत्साह आहे.

भाषण आणि उत्तरपत्रिका

गणेशोत्सवातील वक्तृत्व स्पर्धेसाठी तयारी करणाऱ्यांना हीच सामग्री उपयोगी पडते. उत्तराची अपेक्षा नसलेला प्रश्न, जसे ‘आईची माया कोण विसरेल?’, प्रत्यक्षात ‘कोणीही विसरणार नाही’ असे ठाम विधान असते. एका भाषणात असे एक-दोन प्रश्न पुरेत. ‘पुस्तक विकत घेणे चांगले, ते वाचणे त्याहून चांगले, आणि वाचलेले दुसऱ्याला सांगणे सर्वांत चांगले’ अशी पायरीपायरीने चढत जाणारी रचना म्हणजे सार अलंकार. तिच्यातील शेवटची पायरी सर्वांत वजनदार असावी लागते. विरोधाभासात विरोध केवळ वरवरचा असतो: ‘ताई सासरी गेली आणि रिकामे झालेले घर तिच्या आठवणींनी भरून गेले.’ विचार केल्यावर विरोध मिटला नाही तर ती चूक समजावी.

उत्तरपत्रिकेत अलंकाराचे नुसते नाव लिहून थांबू नये. नाव, एका वाक्यात लक्षण, आणि मग दिलेल्या ओळीत उपमेय कोणते, उपमान कोणते आणि ते लक्षण नेमके कोठे लागू पडते, हे लिहावे. एकाच ओळीत दोन अलंकार दिसले तर घाबरून एक खोडून टाकू नये. संस्कृत शास्त्रकारांनी त्यासाठीही नावे दिली आहेत: तीळ आणि तांदूळ मिसळावेत तसे दोन अलंकार वेगवेगळे ओळखता येत असतील तर ती संसृष्टी, आणि दूध व पाणी यांच्यासारखे ते एकमेकांत मुरलेले असतील तर तो संकर. शाळेच्या परीक्षेत ही नावे विचारत नाहीत. तेव्हा जो अलंकार काढल्यावर ओळीचे सर्वांत जास्त नुकसान होते तो आधी लिहावा, आणि दुसऱ्याचा उल्लेख त्याखाली एका वाक्यात करावा.